बसलेल्या माणसाचं सुतक

चांदीचा गणपती सोडून गुणाजी मेस्त्री काय घेऊन घरी आले, हे दिंडोशीतल्या ‘एकोपा’ सोसायटीच्या चारही मजल्यांना कळायला अजिबात वेळ लागला नाही. वस्तू साडेतीन फूट बाय अडीच फूट होती, तिला काच होती, आणि लिफ्ट नसल्यामुळे ती जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठड्याला अडकत होती. प्रत्येक वळणावर एकेक दार उघडलं. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत सहा जणांनी विचारलं, "हे कोण?" आणि गुणाजींनी सहाही वेळा खरं उत्तर दिलं, "माहीत नाही." पुढेही असेच खरं बोलत राहिले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण माणसाला शहाणपण सुचतं ना, तिथेच घोळ होतो.

त्याचं असं झालं. अंधेरीच्या एका छापखान्यात गुणाजींनी सदतीस वर्षं ऑफसेट मशीनवर काढली. मशीनवर म्हणजे मशीनपाशी, उभ्याने. एकतीस ऑगस्टला ते निवृत्त झाले, तेव्हा मालकांनी आदल्या आठवड्यात विचारलं होतं, "गुणाजी, चांदीचा गणपती द्यायचं चाललंय. की तुमच्या मनात दुसरं काही आहे?" आता हे विचारायची पद्धत असते, उत्तर द्यायची नसते. गुणाजींनी उत्तर दिलं. "साहेब, ते औषध कंपनीचं कॅलेंडर केलं होतं ना आपण, त्यातलं ऑक्टोबरचं चित्र मोठं छापून, फ्रेम करून द्याल?" मालक चमकलेच. पण फ्रेम गणपतीपेक्षा खिशाला हलकी पडत होती, त्यामुळे त्यांनी फार आग्रह केला नाही.

ऑक्टोबरचं चित्र म्हणजे एक माणूस खुर्चीत बसलेला. शंभरेक वर्षांपूर्वी तिकडे युरोपात कुणीतरी काढलेला. निळा ढगळ कोट, मागे भडक नारिंगी भिंत, गुडघ्यांवर ठेवलेले दोन अवाढव्य हात, आणि चेहरा पिवळा. साधा पिवळा नव्हे, त्यात गालावरून खाली हिरवट फटकारा. रंग असे लावलेले की काढणाऱ्याला कुठेतरी जायची घाई होती, पण बसणाऱ्याला मुळीच नव्हती. छपाईच्या वेळी तो पिवळा काही केल्या जमत नव्हता. गुणाजींनी पंधरा प्रुफं काढली. पंधरा वेळा त्या माणसाच्या तोंडाकडे भिंगातून पाहिल्यावर ओळख होणारच. कॅलेंडरात बाकी अकरा चित्रं होती, कुठे नाच, कुठे घोडे, कुठे बाजार. हा एकटा नुसता बसला होता, आणि त्याला कुणी ‘जरा ऊठ’ म्हणत नव्हतं. गुणाजींना त्याचा फार हेवा वाटला होता.

वनमालाबाईंनी दार उघडलं, चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्याला कावीळ झालीय," त्या म्हणाल्या.

"अगं, तो रंग आहे. मुद्दाम लावलाय."

"मुद्दाम कोण कावीळ लावतं? आणि गणपती कुठाय?"

गुणाजींनी गणपतीचं सांगितलं. त्यानंतरचा पाऊण तास आपण सोडून देऊ. प्रत्येक घराची म्हणून काही खाजगी बाब असते.

खरा प्रश्न होता भिंतीचा. घराला भिंती भरपूर होत्या, पण गुणाजींची त्यात एकही नव्हती. एका भिंतीवर देवघर, एकीवर टीव्ही, एकीवर राजेश आणि रुचिराच्या लग्नाचा फोटो, एकीवर वनमालाबाईंनी स्वतः विणलेला मोर. मुलगा राजेश कामानिमित्त महिन्यातले वीस दिवस फिरतीवर, सून रुचिरा घरूनच काम करायची, त्यामुळे आतल्या खोलीतल्या भिंती ऑफिसच्या ताब्यात. राहिली ती बाहेरच्या खोलीतली दक्षिणेकडची कोरी भिंत, जिला पाठ टेकून रुचिरा मीटिंगना बसायची.

"लावा बाबा इथे," रुचिरा म्हणाली. "झकास दिसेल. आमच्या मीटिंगमधले सगळे तसेही असेच दिसतात."

सून आपल्या बाजूची म्हटल्यावर गुणाजींना अवसान चढलं. सल्ला घ्यायला त्यांनी शेजारच्या अण्णांना बोलावलं. अण्णांनी बँकेतून निवृत्त झाल्यावर वास्तुशास्त्राचा पंधरा दिवसांचा कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्यांच्या स्वतःच्या घरातला पलंग सात वेळा हलला होता. ते चित्रापुढे बराच वेळ उभे राहिले.

"गुणाजी, स्पष्ट बोलू? हा माणूस दाराकडे बघत नाहीये. असा माणूस लावलास तर घरात पाहुणे येत नाहीत."

"खरंच?"

"अनुभव आहे."

"मग हीच भिंत नक्की," गुणाजी म्हणाले.

आता फक्त खिळा ठोकायचा होता. खिळा ठोकणं ही पूर्वी साधी गोष्ट होती. पण दोन वर्षांपूर्वी ‘एकोपा’च्या एका जिन्यात प्लास्टरचा पापुद्रा पडला, तपासणीवाले इंजिनीअर आले, त्यांनी भिंतींवर टकटक केली आणि चेहरा गंभीर केला. तेव्हापासून सोसायटीत ड्रिल मारायला बंदी. मग अण्णांच्या मातोश्री वारल्या. अण्णांना आईचा फोटो लावायचा, आणि भिंतीला भोक पाडायचं नाही! सभेत अण्णा रडले, चार जण गहिवरले, आणि ठरावात दुरुस्ती झाली: ‘देवादिक व दिवंगत वगळून.’ म्हणजे मोर लावायचा तर बंदी, आई लावायची तर परवानगी. सेक्रेटरी कुंडलिक शेलार यांनी त्यासाठी छापील अर्ज काढला. शेलार हा माणूस अर्जाशिवाय जांभईसुद्धा देत नसे.

सोमवारी सकाळी गुणाजी सोसायटीच्या ऑफिसात गेले. शेलारांनी अर्ज पुढे सरकवला.

"देव की दिवंगत?" त्यांनी विचारलं.

इथे गुणाजींनी खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होते. पण शेलारांच्या मागे भिंतीवर नाकारलेल्या अर्जांची तारेत ओवलेली चळत लटकत होती. गुणाजींना ती कोरी भिंत दिसली, तो बसलेला माणूस दिसला, आणि तोंडातून आपोआप निघालं, "दिवंगत."

एकदा म्हटल्यावर रकाने भरणं आलं. तसबिरीतील व्यक्तीचे नाव. मेस्त्र्यांच्या घराण्यात दर पिढीला एक भिकाजी असतोच, म्हणून हाताने लिहिलं, ‘कै. भिकाजी मेस्त्री.’ नाते: ‘चुलत आजोबा.’ कारण सख्खे लिहायला जीव धजेना. निधनाचा दिनांक. आता गेला आठवडाभर गुणाजी निवृत्तीचे फॉर्म भरत होते, बावीस फॉर्म, आणि प्रत्येकात एकच तारीख. हात सरावला होता. त्याने झोकात लिहिलं, ‘३१ ऑगस्ट.’

शेलारांनी वाचलं. चष्मा काढला. "म्हणजे परवाच? मेस्त्री, बोललात नाही! आणि तुमचे आजोबा म्हणजे वय...?"

"बरंच होतं," गुणाजी म्हणाले. हे एवढं मात्र खोटं नव्हतं.

"शंभरी पार?"

"असेल."

शेलार उठून उभे राहिले आणि त्यांनी गुणाजींचा हात हातात घेतला. परवानगी जागच्या जागी मिळाली. अकरा वाजता सोसायटीचा मान्यताप्राप्त इलेक्ट्रिशियन येऊन ड्रिल मारून गेला, साडेअकराला माणूस भिंतीवर बसला, आणि गुणाजींनी समोर खुर्ची ओढून त्याच्याकडे पाहिलं. सदतीस वर्षांत त्यांना एवढं बरं वाटलं नव्हतं. ते सुख बरोबर वीस मिनिटं टिकलं.

वनमालाबाई बाजारातून आल्या त्या हातातला फोन पुढे धरूनच. "अहो! आपल्या घरात कोण वारलं ते मला ग्रुपवर कळतंय!"

शेलारांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं होतं: ‘आपले सभासद श्री. गुणाजी मेस्त्री यांचे शतायुषी आजोबा कै. भिकाजी यांचे दुःखद निधन. मेस्त्री कुटुंबाच्या दुःखात एकोपा सहभागी आहे.’ खाली एकोणचाळीस हात जोडलेले होते. गेटवरच्या फळ्यावर खडूने तेच लिहिलेलं होतं, भोवती महिरप काढून.

गुणाजी काही बोलणार तोच बेल वाजली. अण्णा. पांढरा सदरा, हातात झेंडूचा हार. त्यांनी चपला काढल्या, सरळ चित्रापाशी गेले आणि काल ज्याला पाहुण्यांचा शत्रू ठरवलं होतं त्याच्या गळ्यात हार घालून डोळे मिटून उभे राहिले. पिवळ्या चेहऱ्याखाली झेंडू काय शोभला म्हणून सांगू! छपाईवाल्याच्या नजरेने गुणाजींना ते कबूल करावंच लागलं.

"काल बोललास का नाही रे?" अण्णा घोगऱ्या आवाजात म्हणाले. "मी आपला पाहुणे येणार नाहीत म्हणत बसलो. आता कळलं, चेहरा असा का. वयाने होतं तसं." मग जरा घुटमळून, "गुणाजी, विचारू नये, पण... जेवणात काय असायचं रे त्यांच्या?"

"साधंच," गुणाजी म्हणाले.

"रात्रीचं जेवायचे?"

वनमालाबाई पदर तोंडाला लावून आत पळाल्या. अण्णांना वाटलं, हुंदका. दुपारी एकपर्यंत आणखी नऊ जण येऊन गेले. त्यातल्या सात जणांनी भिकाजींच्या आहाराची चौकशी केली, एकाने तर वहीत लिहून घेतलं. मध्येच रुचिराची मीटिंग होती. तिच्या डोक्यामागे हार घातलेला माणूस बघून साहेबांनी मीटिंग थांबवली आणि सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं केलं. बंगळुरूमध्ये चौदा माणसं भिकाजींसाठी उभी राहिली. रुचिरा हसू दाबता दाबता लालबुंद झाली, तर साहेब म्हणाले, "रुचिरा, टेक द डे ऑफ."

शेवटचा माणूस गेल्यावर वनमालाबाईंनी दाराला कडी घातली.

"बोला."

गुणाजी बोलले. काही लपवलं नाही.

"म्हणजे तुम्ही एका भोकासाठी माणूस मारलात?"

"अगं, तो कधीचाच मेलाय. शंभर वर्षांपूर्वीचं चित्र आहे."

"आपला मारलात! मेस्त्र्यांचा! आणि तोही गणपतीच्या तोंडावर! शनिवारी गणपती बसतात, परवाची गावाची गाडी आहे, चार महिन्यांपूर्वी पहाटे उठून तिकिटं काढलीत, आणि हे सुतक लावून बसले! आत्ताच्या आत्ता खाली जा, शेलारांना खरं सांगा, आणि हे उतरवा."

"उतरवलं की भोक बुजवून घेतील. परत कधी लावू देणार नाहीत."

"मग नाही तर नाही!"

गुणाजी सहसा बायकोला उत्तर देत नसत. तो एक प्रकारचा ठरावच होता, कुठे लिहिलेला नसला तरी. पण आज ते चित्राखाली उभे राहून म्हणाले, "वनमाला, मी सदतीस वर्षं उभा होतो गं. घरी येऊन बसलो की गॅस बघा, टाकी बघा, बेल बघा. मला काही नको. हा एक माणूस माझ्या डोळ्यांसमोर निवांत बसलेला हवाय. एवढीच भिंत मागतोय मी."

वनमालाबाईंचा रागही गेला नव्हता आणि दयाही आली होती. दोन्ही एकदम आलं की बाईमाणूस पदराने ओटा पुसायला लागतं. त्या ओट्याकडे वळल्या, आणि तेवढ्यात गुणाजींचा फोन वाजला. गावाहून. खंडूकाका.

खंडूकाका म्हणजे गुणाजींच्या वडिलांचे चुलतभाऊ, वय वर्षं पंचाऐंशी, कणकवलीजवळच्या वाडीतल्या मेस्त्री भावकीतले सगळ्यांत वडीलधारे. त्यांचा शब्द म्हणजे वाडीत शेवटचा. ‘एकोपा’त निम्मी बिऱ्हाडं त्याच बाजूची, त्यामुळे शेलारांचा मेसेज बाराच्या आत वाडीत पोचला होता.

"गुणाजी, कोण गेलो रे?" काकांचा आवाज स्पीकरशिवायही तिसऱ्या मजल्यावर सगळीकडे ऐकू येत होता. "हय अकरा घरांचे गणपती चित्रशाळेत आडाकले हत! सुतक धरूचा काय नाय, ता सांग आदी!"

हे गुणाजींच्या डोक्यातच आलं नव्हतं. मेस्त्री मेला म्हणजे सुतक एका घराला थोडंच! साऱ्या भावकीला, अकराही घरांना, दहा दिवस. अकरा घरांत मखरं तयार, अकरा घरांत गणपतीवर टांगायच्या माटवीचं सामान आणलेलं, मुंबईहून पोरंबाळं निघालेली, आणि एका भोकापायी सगळ्यांचे गणपती मूर्तिकाराच्या चित्रशाळेत अडले. भिंत गेली खड्ड्यात, असं त्यांनी मनात म्हटलं, आणि मनात म्हणतानाही वाईट वाटलं.

"काका," ते म्हणाले, "कोणी गेला नाही. मी खोटं बोललो." आणि त्यांनी अर्जापासून हारापर्यंत सगळं सांगून टाकलं. "चुकलो. चित्र आत्ता उतरवतो. तुम्ही गणपती आणा."

पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"नाव काय लिवलंस?"

"भिकाजी. चुलत आजोबा म्हणून."

काका म्हणाले, "माका तो फोटो धाड."

रुचिराने हार बाजूला करून फोटो काढला आणि पाठवला. वाडीत कुणाच्या तरी पोराने तो काकांपुढे धरला असावा. पाच मिनिटं गेली. वनमालाबाई ओटा सोडून जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"गुणाजी," काकांचा आवाज बदलला होता. "हात बघलंस तेचे?"

"बघितले काका. मोठे आहेत."

"ते सुताराचे हात. माझो मोठो काको भिकाजी, तेचे असेच हात होते म्हणान माझी आये सांगी. बावीस वर्सांचो असताना बोटीर सुतारकाम करूक गेलो. विलायतेच्या बोटीर. तो परत इलोच नाय. तेच्या बायकोन मरासर कुकू पुसूक नाय."

"काका, पण हे चित्र कुठल्यातरी गोऱ्याने काढलंय. कोण कुठला माणूस..."

"तुका म्हायत हा, कोण तो? नाय मां? मगे! खयच्या तरी बंदरात उतारलो आसतलो, दमलो, बसलो. कोणाक तरी दिसलो, तेना काढल्यान. फोटो खय होतो आमच्याकडे तेचो? आता आसा." काका खाकरले. "बोललस तां बरा केलंस. शंभर वर्सां तेचा सुतक कोणी धरूक नाय, कारण तो मेलो असा सांगूक कोणी इलोच नाय."

"मग आता सुतक?" वनमालाबाईंनी न राहवून विचारलं.

"सूनबाय, दूरदेशी मेलेल्याची खबर वर्सानंतर कळली तर दहा दिवस कसले? आंघोळ करूची, मोकळा व्हावचा. हय सगळ्यांका सांगतंय मी. तुमीय करा."

त्या सोमवारी दुपारी कणकवलीजवळच्या वाडीत अकरा घरांनी ऐन जेवणाच्या वेळेला विहिरीवर आंघोळी केल्या आणि संध्याकाळी चित्रशाळेतून गणपती घरी निघाले. दिंडोशीत नळाला पाणी नव्हतं. वनमालाबाईंनी पिंपातलं पाणी काढून नवऱ्याच्या डोक्यावर स्वतः तांब्या ओतला, जरा जोरातच. "खोटं बोलल्याचा हा वेगळा," म्हणून वर आणखी एक ओतला.

ओल्या केसांनी गुणाजी शेलारांकडे गेले. "अर्जात दिनांक चुकलाय," त्यांनी सांगितलं. शेलारांनी दुरुस्ती अर्ज काढला. योग्य दिनांक? माहीत नाही. स्थळ? माहीत नाही. पुरावा? गुणाजींनी काकांना फोन लावून दिला. खंडूकाका शेलारांशी काय बोलले ते कुणालाच कळलं नाही, पण शेलार तीनदा "हो आजोबा" म्हणाले, आणि दुरुस्ती अर्जावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, ‘बोटीवर गेलेले.’ फळा पुसला गेला. अण्णांना मात्र शतायुषी आहाराचं गूढ तसंच राहिल्याची रुखरुख लागली. गुणाजींनी त्यांना सांगितलं की हा माणूस मेला तेव्हाचं वय कुणालाच ठाऊक नाही, तर अण्णा म्हणाले, "म्हणजे दीडशेही असेल," आणि रात्रीचं जेवण सोडलं ते सोडलंच.

गणपती झाले, गावाहून मंडळी परत आली, पितृपक्ष लागला. मेस्त्र्यांच्या घरी महालयाला वडे, खीर आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं. वनमालाबाईंनी पितरांची पानं मांडली. गुणाजी सोवळ्याने पाटावर बसले आणि पानं मोजली तर एक जास्त.

"हे कुणाचं?"

वनमालाबाईंनी पान उचललं, बाहेरच्या खोलीत गेल्या, चित्राखाली पाट ठेवून त्यावर मांडलं, खिरीची वाटी जरा पुढे सरकवली. मग निळ्या कोटातल्या त्या माणसाकडे, त्याच्या गुडघ्यांवरच्या हातांकडे, हिरवट पिवळ्या गालाकडे त्यांनी पहिल्यांदाच नीट वर मान करून पाहिलं.

"मेला की जिवंत ते कळेना म्हणून कुणी पानच मांडलं नाही," त्या म्हणाल्या. "शंभर वर्षं उपाशी बसलाय बिचारा. पिवळा नाही पडणार तर काय!"

मग त्या गुणाजींकडे वळल्या. ते दारात उभे होते.

"तुम्ही काय उभे राहिलात? बसा त्याच्याबरोबर," त्या म्हणाल्या आणि गॅस बघायला स्वतः आत गेल्या.